आधीं कुशल, मग काम : लुगांडा भाषेची तोंडओळख

परमुलखीं जावयास निघालेला मनुष्य पारपत्र, पैसा, कपडे आणि औषधें यांची तजवीज महिनाभर आधीं करतो. युगांडास जावयाचें असल्यास पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखलाहि तो विसरत नाहीं. शब्दांची शिदोरी मात्र बहुधा घरींच राहते. याचें कारण उघड आहे. युगांडाच्या राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. विमानतळावर, हॉटेलांत, बँकेंत आणि मोठ्या दुकानांत इंग्रजीवर सर्व व्यवहार चालतो. मग पंधरा दिवसांच्या प्रवासासाठीं नवी भाषा शिकण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचें उत्तर एवढेंच कीं, इंग्रजीनें तेथें काम भागतें. परंतु काम भागणें आणि माणूस भेटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बुगांडाच्या मुलखांत हा भेद फारच स्पष्ट दिसतो. कारण तेथल्या रीतीप्रमाणें आधीं कुशल विचारावयाचें आणि मग कामाचें बोलावयाचें. ही रीत ज्या भाषेंत पाळली जाते ती लुगांडा.

आफ्रिकेंतील सर्वांत मोठ्या सरोवराला इंग्रजांनीं आपल्या राणीचें नांव दिलें. लुगांडांत त्याचें नांव नालुबाले असें आहे. या सरोवराच्या उत्तर व वायव्य किनाऱ्याला लागून बुगांडाचें जुनें राज्य पसरलेलें आहे, आणि युगांडाची राजधानी कंपाला याच मुलखांत आहे. बुगांडाच्या राजास कबाका म्हणतात. इ. स. १९६६ सालीं या राजसत्तेवर घाला पडला आणि पुढल्याच वर्षीं नव्या राज्यघटनेनें देशांतील सर्व राजपदें रद्द केलीं. सव्वीस वर्षांनंतर, १९९३ सालीं, कबाका रोनाल्ड मुवेंदा मुतेबी दुसरे यांचा राज्याभिषेक झाला. आतां त्या पदाला कारभाराचे अधिकार नाहींत, संस्कृतिरक्षणाचा मान आहे. राजपद गेलें आणि आलें. भाषा मात्र या सर्व काळांत बाजारांत, देवळांत आणि घराघरांत अखंड बोलली जात होती.

या भाषेस लिपिबद्ध होऊन फार काळ लोटलेला नाहीं. १८७८ सालीं अलेक्झांडर मॅके हा स्कॉटिश मिशनरी तेथें पोचला आणि त्यानें छापखाना चालविला. पुढें जॉर्ज पिल्किंग्टन या भाषापंडितानें हेन्री राइट दूता या मुगांडा विद्वानाच्या साहाय्यानें बायबलाचें भाषांतर सिद्धीस नेलें. संपूर्ण बायबल १८९६ मध्यें प्रसिद्ध झालें. १९०१ सालीं बुगांडाचे मुख्य प्रधान अपोलो काग्वा यांनीं आपल्या राजांचा इतिहास लुगांडांतच लिहून प्रसिद्ध केला. लेखनाचे नियम १९४७ सालीं एकमतानें ठरले. परकीयांनीं रोमन लिपि आणून दिली. परंतु तिच्यांत काय लिहावयाचें हें त्या लोकांनीं अल्पावधींत आपल्या हातीं घेतलें.

या भाषेची किल्ली शब्दाच्या शेवटीं नसून आरंभीं आहे. मराठींत ‘घर’ या शब्दाला ‘घराचा’, ‘घरीं’, ‘घरांत’ असे प्रत्यय मागून लागतात. लुगांडांत शब्दाचा मुख्य भाग मागें राहतो आणि अर्थ पालटणारा उपसर्ग पुढें येतो. ‘गांडा’ हें मूळ धरावें. मुगांडा म्हणजे त्या समाजांतील एक मनुष्य, बागांडा म्हणजे अनेक माणसें, बुगांडा म्हणजे त्यांचा देश, लुगांडा म्हणजे त्यांची भाषा, आणि किगांडा म्हणजे त्यांची चालरीत. ‘युगांडा’ हें देशाचें नांवहि बुगांडाच्या स्वाहिली रूपावरून पडलें. हाच नियम हिंदुस्थानच्या माणसालाहि लागू होतो. तो मुयिंदि, त्याच्यासारखे पुष्कळ जमले कीं ते बायिंदि, आणि त्यांचा देश बुयिंदि. कंपालाच्या रस्त्यांत एखादें लहान मूल ‘मुयिंदि’ अशी हांक मारील, तेव्हां त्या हांकेंतच व्याकरणाचा पहिला धडा आहे हें प्रवाशानें ओळखावें.

व्याकरणकार अशा नामांचे एकवचन-अनेकवचनाच्या जोड्यांनुसार साधारणतः दहा वर्ग मानतात. आंकडा ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. पांढरा घोडा, पांढरी गाय आणि पांढरें वासरूं हीं तीन रूपें ज्याच्या तोंडीं सहज बसलीं आहेत, त्याला विशेषणानें नामाच्या मागून चालावयाचें असतें हें नव्यानें शिकवावें लागत नाहीं. लुगांडांत विशेषण नामाचा उपसर्ग धारण करतें. ओमुन्तु म्हणजे मनुष्य, आबान्तु म्हणजे माणसें. तेव्हां ‘चार माणसें’ म्हणावयाचें तर ‘आबान्तु बाना’, आणि ‘चार पुस्तकें’ म्हणावयाचें तर ‘एबिताबो बिना’. या पुस्तकाच्या शब्दांत एक गंमत आहे. मूळ शब्द अरबी ‘किताब’. तो स्वाहिलींतून बुगांडांत गेला. त्यांतील ‘कि’ हें अक्षर म्हणजे आपलाच एक उपसर्ग होय, असें बागांडांनीं धरलें, आणि त्याच्या वर्गाप्रमाणें एकवचन एकिताबो, अनेकवचन एबिताबो असें चालविलें. परका पाहुणा घरांत घ्यावयाचा तर आपल्या घरची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवावयाची, हा त्या भाषेचा स्वभाव आहे.

उच्चाराच्या बाबतींत मराठी मनुष्य भाग्यवान आहे. इंग्रजी अक्षरांत ज्या ध्वनींची कुचंबणा होते, ते देवनागरींत सुखानें बसतात. ‘वाङ्मय’ या शब्दांतील ङ आणि ‘ज्ञानेश्वरी’च्या जुन्या उच्चारांतील ञ हे दोन्ही ध्वनि लुगांडांत रोजच्या वापराचे आहेत, तेथील नगाऱ्याला एङ्ङोमा म्हणतात. रोमन लेखनांतील क-य हा जोड ‘च’कडे झुकतो आणि ग-य हा जोड ‘ज’कडे. र आणि ल हे तेथें जुळे भाऊ आहेत. इ किंवा ए या स्वरांनंतर बहुधा र येतो आणि अन्यत्र ल. सावधगिरी तीन ठिकाणीं बाळगावी. पहिली गोष्ट, प्रत्येक शब्द स्वरानें संपतो आणि तो स्वर स्पष्ट उच्चारावयाचा असतो. शब्दाचें शेवटचें अक्षर अर्धवट गिळण्याची मराठी जिभेची संवय तेथें उपयोगी नाहीं.

दुसरी गोष्ट ऱ्हस्वदीर्घाची. ‘बाना’ म्हणजे चार जण. तोच पहिला स्वर लांबविला कीं ‘बाऽना’ म्हणजे मुलें. ‘आबाऽना बाना’ असें म्हटलें कीं चार मुलें झालीं. तिसरी गोष्ट द्वित्ताची. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील फरक मराठी कानाला कळतो, परंतु लुगांडांत असें दुहेरी व्यंजन शब्दाच्या अगदीं आरंभींहि येतें. तेथें जीभ क्षणभर अडवून मग सोडावी लागते. ‘ओकुता’ म्हणजे सोडून देणें आणि ‘ओकुत्ता’ म्हणजे ठार मारणें. एका तकाराच्या आळसानें दयेची हिंसा होते, म्हणून शाळेंत र्‍हस्वदीर्घावरून ज्यांनीं छड्या खाल्ल्या असतील त्यांनीं येथें त्यांचा मोबदला वसूल करून घ्यावा.

आतां मुख्य विषय, म्हणजे अभिवादन. मराठी मनुष्य ‘रामराम’ म्हणतो आणि पुढें चालूं लागतो. बुगांडांत अभिवादन हा एक लहानसा संवाद आहे आणि तो अर्ध्यावर टाकून जातां येत नाहीं. सकाळीं भेटलेल्या मनुष्यास विचारावयाचें, ‘वासुझे ओत्या न्नो?’ झ चा उच्चार ‘झाड’ या शब्दांतल्यासारखा. अर्थ असा कीं, आपली रात्र कशी गेली? पुरुषास ‘स्सेबो’ आणि स्त्रीस ‘ञ्ञाबो’ हें संबोधन जोडावयाचें. आपल्याकडे ‘राव’ आणि ‘बाई’ यांचा जो उपयोग, तोच यांचा. उत्तर येतें, ‘बुलुंगि’, म्हणजे चांगली. मग तोच प्रश्न उलट येतो आणि आपण तेंच उत्तर द्यावयाचें. दुपारनंतर प्रश्न बदलतो : ‘ओसीब्ये ओत्या न्नो?’ म्हणजे दिवस कसा गेला? कोणत्याहि वेळीं चालणारा प्रश्न ‘ओलि ओत्या?’, म्हणजे कसें काय आहे? त्याचें उत्तर ‘जेंदि’. याचा शब्दशः अर्थ ‘मी आहें तेथें आहें’, म्हणजे ठीक आहे.

खेड्यांतून हा संवाद याहूनहि लांबतो. घरच्या मंडळींचें कुशल विचारलें जातें, आणि प्रश्नोत्तरें संपलीं तरी दोघेहि हलक्या हुंकारांनीं एकमेकांस साथ देत राहतात. जुन्या वळणाच्या घरांत स्त्रिया व मुलें वडील माणसांस गुडघे टेकून अभिवादन करतात. पाहुण्यानें तसें करावें अशी कोणाची अपेक्षा नसते. त्यानें संकोचूनहि जाऊं नये आणि हंसूंहि नये. शांतपणें उभें राहून, पुरतें उत्तर देऊन अभिवादनाचा स्वीकार करावा. घाईच्या मनुष्यास हा सर्व वेळाचा अपव्यय वाटेल. वस्तुतः त्या दोन मिनिटांत समोरचा मनुष्य आपल्याला ‘काम घेऊन आलेला परका’ या सदरांतून काढून ‘भेटावयास आलेला पाहुणा’ या सदरांत घालीत असतो.

अभिवादनाच्या खालोखाल आभार. आभार मानावयास ‘वेबाले’, फार आभार मानावयास ‘वेबाले ञ्ञो’, आणि पुष्कळांचे मानावयाचे असल्यास ‘म्वेबाले’. मराठी घरांत आईला किंवा भावाला कोणी धन्यवाद देत नाहीं. तसे दिले तर तें परकेपणाचें वाटेल. बुगांडांत उलट आहे. जेवण झाल्यावर रांधणाऱ्या स्त्रीस म्हणावयाचें, ‘वेबाले कुफुंबा, ञ्ञाबो’, म्हणजे स्वयंपाक केल्याबद्दल आभार. त्यावर ती म्हणते, ‘वेबाले कुल्या’, म्हणजे जेवल्याबद्दल आपले आभार. शेतांत कुदळ चालविणारा, रस्ता झाडणारा, टोपली विणणारा असा कोणीहि कामांत असलेला मनुष्य दिसला म्हणजे जातां जातां त्याला ‘जेबाले को’ असें म्हणावयाचें. आपलें त्याच्याकडे कांहीं काम नसतें, त्यानें आपल्यासाठीं कांहीं केलेलेंहि नसतें. तो काम करीत आहे एवढ्याबद्दलच हे शब्द असतात. तो ‘काले’ म्हणून त्यांचा स्वीकार करतो. श्रमणाऱ्या मनुष्यास वाटेनें जाणाऱ्या कोणीहि मान द्यावा, अशी सोय ज्या भाषेनें दोन शब्दांत करून ठेविली, तिची योग्यता निराळी सांगावयास नको.

दुःखाचाहि एक शब्द शिकून ठेवावा. मृत्यूची वार्ता कानीं आली कीं ‘किताऽलो’ म्हणावयाचें. लहानसहान अडचणींत, कोणाचें पाऊल मुरगळलें किंवा भांडें फुटलें, तर ‘बांबि’ हा सहानुभूतीचा उद्गार पुरतो. हे दोन शब्द योग्य वेळीं तोंडून निघाले म्हणजे बाकीच्या व्याकरणाची चौकशी कोणी करीत नाहीं.

बाजारांत जावयाचें म्हणजे संख्या हव्यात. एकापासून दहापर्यंत त्या अशा : एमु, ब्बिरि, स्सातु, ञ्ञा, त्तानो, मुकागा, मुसान्वु, मुनाना, म्वेंदा, क्कुमि. पुढें उपसर्गांची करामत पुन्हा दिसते. क्कुमि म्हणजे दहा, किकुमि म्हणजे शंभर, लुकुमि म्हणजे हजार. मूळ एकच, टोपी बदलली कीं किंमत वाढली. युगांडाच्या शिलिंगाचे व्यवहार हजारांतच होत असल्यामुळें लुकुमि हा शब्द पहिल्याच दिवशीं कानीं पडतो. दहा हजारांसाठींहि एक स्वतंत्र शब्द आहे : ओमुत्वालो, ज्याचा दुसरा अर्थ ‘ओझें’ असा आहे. भाव विचारावयाचा तर ‘स्सेंते म्मेका?’, म्हणजे किती पैसे? यांतील स्सेंते हा शब्द इंग्रजी ‘सेंट’ या नाण्यावरून आला. भाव उतरवून मागावयाचा तर ‘न्सालिराको’, म्हणजे माझ्यासाठीं थोडें कमी करा. परंतु क्रम विसरूं नये. नाकासेरोच्या मंडईंत भाजीवालीसमोर उभें राहून एकदम ‘स्सेंते म्मेका’ म्हणणें हें तिच्या दृष्टीनें दारांतून न शिरतां खिडकींतून शिरण्यासारखें आहे. आधीं ‘वासुझे ओत्या न्नो, ञ्ञाबो’, तिचें उत्तर, तिचा प्रश्न, आपलें उत्तर, मग भाव. भाव कमी होईल याची खात्री देतां येत नाहीं. सौदा सुखाचा होईल याची देतां येते.

मंडईंतला मुख्य माल म्हणजे केळीं. हिरव्या केळ्यांस मातोके म्हणतात. तीं सोलून, केळीच्या पानांत गुंडाळून, वाफेवर शिजवून मळतात आणि हेंच बागांडांचें मुख्य अन्न. आपल्याकडे भाकरी आणि कोरड्यास यांचा जो जोड, तोच तेथें एम्मेरे आणि एन्वा यांचा. एम्मेरे म्हणजे पोट भरणारें मुख्य अन्न, आणि एन्वा म्हणजे त्याबरोबर तोंडीं लावावयाचें कालवण. शेंगदाण्याचें कालवण तेथें फार प्रिय आहे. शाकाहारी मराठी प्रवाशाची त्यावर उत्तम सोय होते. पाण्याला आमाझ्झि म्हणतात. होय म्हणावयास ‘ये’ आणि नको म्हणावयास ‘नेद्दा’. मोटारसायकलवर मागें बसवून नेणारे बोडाबोडावाले भरधांव निघाले म्हणजे ‘म्पोलाम्पोला, स्सेबो’ असें म्हणावें. त्याचा अर्थ ‘हळूहळू’. हा शब्द जिवाच्या रक्षणाकरितां पाठ असलेला बरा.

वेळेच्या बाबतींत मात्र पुष्कळ प्रवासी फसतात. लुगांडांत तास मध्यरात्रीपासून न मोजतां दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘स्सावा एमु’, पहिला तास. आठ म्हणजे ‘स्सावा ब्बिरि’. आणि दुपारचे बारा म्हणजे ‘स्सावा मुकागा’, सहावा तास. यजमानानें ‘स्सावा ब्बिरि’ला या म्हणून सांगितलें आणि पाहुणा ब्बिरि म्हणजे दोन एवढेंच ध्यानांत ठेवून दुपारीं दोन वाजतां गेला, तर यजमान सहा तास वाट पाहून थकलेला असावयाचा. विषुववृत्त या देशांतूनच जातें. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहींत, म्हणून ही मोजणी तेथें बिनचूक चालते. जुन्या पंचांगांत सूर्योदयापासून घटका मोजीत हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांत विचित्र असें कांहीं वाटणार नाहीं.

नवे शब्द पाठ करतांना मराठी मनुष्यास मधूनमधून ओळखीचे चेहरे भेटतात. साबणाला एस्साब्बूनि, लेखणीला एक्कालामु, मेजाला एम्मेझा, अननसाला एन्नानान्सि, साखरेला स्सुकालि, चहाला चायि आणि दुकानाला एद्दूका. यांतला एकहि शब्द मराठीनें लुगांडाला किंवा लुगांडानें मराठीला दिलेला नाहीं. अरबस्तान, इराण, हिंदुस्थान आणि पोर्तुगाल येथल्या गलबतांनीं हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा माल उतरविला. तेथें तो स्वाहिलींतून आंत सरोवरापर्यंत गेला, येथें सह्याद्रि चढून देशावर आला. सांप्रत कंपालाच्या रस्त्यांवर चपातींत अंड्याची पोळी गुंडाळून विकतात आणि तिला ‘रोलेक्स’ म्हणतात. नांव कोठलेंहि असो, चपाती हिंदुस्थानची आहे.

या ‘एद्दूका’ शब्दामागें मात्र एक मोठा आणि दुःखद इतिहास आहे. मोंबासापासून नालुबालेपर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळांत बांधली गेली. तिच्यासाठीं अखंड हिंदुस्थानांतून, मुख्यतः पंजाबांतून, सुमारें ३२,००० मजूर करारानें नेण्यांत आले आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेंच मरण पावले. बहुतेक मायदेशीं परतले, कांहीं राहिले. त्यांच्या मागून आणि त्यांच्या आधींहि गुजरात व कच्छचे व्यापारी आले. गोव्याची मंडळी सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करूं लागली, कोणी शिवणकाम करूं लागले. गांवोगांव दुकानें निघालीं. दुकानदारांस स्वाहिली आणि लुगांडा बोलतां येत असे आणि त्यांच्या मुलांपैकीं कित्येकांस तर ती मातृभाषेसारखी येई. परंतु बहुधा ही भाषा गल्ल्यापुरती राहिली : भाव, माप, उधारी आणि नोकरास हुकूम. वसाहतीच्या कारभारानें शाळा, इस्पितळें आणि वस्त्या वर्णावर वांटलेल्या होत्या, आणि त्या भिंतींपलीकडे जाऊन ‘रात्र कशी गेली’ असें एकमेकांस विचारण्याचा प्रसंगच थोड्यांना आला.

१९५९ सालीं बुगांडांत परकीयांच्या दुकानांवर बहिष्कार पडला. १९७२ च्या ऑगस्टमध्यें इदी अमीन यानें आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला. पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेलीं कुटुंबें हातांतल्या पेटीनिशीं बाहेर पडलीं. सुमारें २७,००० माणसांनीं एकट्या ब्रिटनमध्यें आश्रय घेतला. या अन्यायाचें कारण भाषा होती असें म्हणणें खोटेपणाचें होईल. कापसाच्या गिरण्यांचे परवाने, वसाहतीची वर्णव्यवस्था आणि एका लष्करशहाची सत्तालालसा यांत त्याचीं मुळें आहेत. घरोब्याची भाषा येत असलेल्यांसहि त्या हुकुमानें वगळलें नाहीं. तरीहि इतकें खरें कीं, दोन समाज सत्तर वर्षें एका गांवांत राहूनहि त्यांचा संवाद बव्हंशीं वस्तूंच्या किंमतीविषयींच होत राहिला. १९८६ सालीं सत्तेवर आलेल्या मुसेवेनी यांच्या सरकारनें पुढें त्या कुटुंबांस परत बोलाविलें आणि पुष्कळांच्या मालमत्ता परत केल्या. कांहीं परतलीं, शिवाय हिंदुस्थानांतून नवीं माणसेंहि तेथें गेलीं. आतां जाणाऱ्या प्रवाशानें या इतिहासाचें ओझें डोक्यावर घेण्याचें कारण नाहीं. परंतु ‘स्सेंते म्मेका’च्या आधीं ‘वासुझे ओत्या न्नो’ कां म्हणावयाचें, याचें एक कारण त्यांत आहे एवढें त्यानें ध्यानांत ठेवावें.

दुसरीहि एक मर्यादा सांगितली पाहिजे. युगांडांत चाळिसांहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि लुगांडा ही सर्वांची मातृभाषा नव्हे. कंपाला आणि भोंवतालचा प्रदेश येथें ती सर्वत्र चालते. पूर्वेकडील लुसोगा तिची सख्खी बहीण आहे. परंतु उत्तरेंत गुलूकडे गेल्यास तेथें आचोली ही अगदीं निराळ्या कुलांतील भाषा आहे आणि तेथें ‘आप्वोयो’ म्हणून अभिवादन करतात. गोरिलांच्या दर्शनासाठीं प्रवासी ज्या ब्विंडीच्या अरण्यांत जातात, तेथें रुकिगा बोलतात आणि ‘आगांदि’ म्हणून विचारपूस करतात. बुगांडाचें वर्चस्व हा त्या देशांत नाजूक प्रश्न राहिलेला आहे. १९२७ च्या सुमारास गव्हर्नर गोवर्स यांनीं स्वाहिलीचा पुरस्कार केला, तेव्हां आपल्या भाषेसाठीं बागांडांनीं त्यास निकरानें विरोध केला होता. ज्या अभिमानानें त्यांनीं आपली भाषा राखली, तोच अभिमान इतरांसहि आपापल्या भाषांचा आहे. म्हणून ज्या गांवीं जावें तेथली भाषा कोणती हें आधीं विचारावें आणि तिचे निदान दोन शब्द उचलावे.

शिकण्याची रीत साधी आहे. एक लहान वही घ्यावी आणि ऐकलेला शब्द देवनागरींतच लिहावा. नाम लिहितांना एकवचन आणि अनेकवचन जोडीनें लिहावें, म्हणजे उपसर्ग आपोआप मुरतात. रोज पांच शब्द पुरेत, परंतु ते त्याच दिवशीं कोणाशीं तरी बोलावे. न बोललेला शब्द गल्लीच्या वळणापर्यंतहि सोबत येत नाहीं. चार वाक्यें मात्र पहिल्या दिवशींच हवींत. वस्तूकडे बोट करून ‘किनो किकि?’ म्हणजे हें काय आहे? यांतील ‘कि’चा उच्चार ‘चि’च्या जवळ जातो. मग ‘सितेगेरा’, म्हणजे कळलें नाहीं. ‘योगेरा म्पोला’, म्हणजे हळू बोला. आणि ‘न्जिगा लुगांडा’, म्हणजे मी लुगांडा शिकतों आहें. हें शेवटचें वाक्य उच्चारतांच बाजारांतला प्रत्येक मनुष्य शिक्षक होतो. कोणी उच्चार सुधारील, कोणी हंसेल, कोणी नवा शब्द देईल. त्या हंसण्यांत उपहास क्वचित्‌च असतो. आपली भाषा परक्याच्या तोंडीं अडखळतांना ऐकण्याचा आनंद बहुधा असतो.

पंधरा दिवसांत लुगांडा येणार नाहीं. तिचे दहा वर्ग, तिचे चढउतार आणि तिच्या म्हणी यांस वर्षें लागतील. परंतु रात्र कशी गेली हें विचारतां येईल, दिवस कसा गेला हें सांगतां येईल, रांधणारीचे आभार मानतां येतील आणि रस्त्यांत राबणाऱ्या मनुष्यास ‘जेबाले को’ म्हणतां येईल. निरोपाचा शब्द ‘वेराबा’ असा आहे, आणि रात्रीं झोंपावयास जातांना ‘सुला बुलुंगि’ म्हणतात. म्हणजे रात्र सुखाची जावो. सकाळीं ज्या प्रश्नानें दिवस उघडतो, त्याचें चांगलें उत्तर मिळावें म्हणून आदल्या रात्रींच दिलेली ही शुभेच्छा आहे.